दहा टीएमसी डोंगर समुद्रात पडतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात मोहोळजवळ मामांच्या मळ्यातल्या विहिरीची एक कड ढासळली. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी मामा मोटार चालू करायला गेले आणि त्यांच्या देखत ट्रॉलीभर माती-मुरूम एकदम खाली गेला. समोरच्या भिंतीवर पाणी पुरुषभर चढलं, पायरीवर ठेवलेली बादली घेऊन खाली आलं, दोन-तीन हेलकावे झाले आणि पाणी निवलं. "भूकंप नाही, काही नाही. नुसती कड बसली," मामा पुन्हा पुन्हा सांगत होते.

त्याच आठवड्यात भाच्यानं घरच्या ग्रुपवर तो जुनाच व्हिडिओ टाकला. अटलांटिकमधलं एक ज्वालामुखीचं बेट फुटणार, शेकडो मीटरची लाट उठणार, अमेरिकेच्या किनाऱ्यावर २५ मीटरच्या लाटा आदळणार, निम्मं जग बुडणार. खाली त्याचा मला प्रश्न: "मामा, सोलापूरला पाणी येईल का?"

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आणि समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. आपल्याला पाणी यायचं ते उजनी धरणाचंच. पण व्हिडिओतला आकडा कुठून आला, तो कसा काढतात आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मामांच्या विहिरीत जे झालं तेच समुद्रात होतं आणि माणसं मरतात.

दत्तजयंतीची रात्र

२२ डिसेंबर २०१८. मार्गशीर्ष पौर्णिमा. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते, दत्ताच्या देवळांत पाळणा होऊन प्रसाद वाटणं चालू असेल. त्याच वेळी इंडोनेशियात रात्रीचे नऊ वाजायला आले होते आणि जावा व सुमात्रा यांच्या मधल्या सुंदा सामुद्रधुनीत अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटाची नैऋत्येची बाजू समुद्रात घसरली. ३३८ मीटर उंचीचं बेट काही दिवसांत ११० मीटरच्या आसपास उरलं. अर्ध्या तासानंतर किनाऱ्यावर लाटा आल्या. किनाऱ्यालगतच्या एका रिसॉर्टवर गाण्याचा कार्यक्रम चालू होता, लाट स्टेजच्या मागून आली. एकूण चारशेहून अधिक माणसं गेली.

भोंगा कुठेच वाजला नाही. इंडोनेशियाची इशारा यंत्रणा भूकंपावर बांधलेली होती. मोठा भूकंप झाला की पुढचं चक्र सुरू. इथं तसा भूकंप झालाच नव्हता, कड बसली होती. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला ही पौर्णिमेची भरती आहे असंच सांगितलं. नंतर त्यांना माफी मागावी लागली.

त्सुनामी म्हणजे समुद्राचं पाणी एकदम ढकललं गेल्यानं उठणारी लाटांची माळ. ढकलणारा बहुतेक वेळा समुद्रतळाखालचा भूकंप असतो. पण तो डोंगरही असू शकतो.

डोंगर का पडतो? दगड तर पक्का असतो ना?

आपण काळ्या दगडावर राहणारी माणसं, म्हणून ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला दख्खनचा कातळ आठवतो. तो आडव्या थरांत पसरलेला, सहा-साडेसहा कोटी वर्षं मुरलेला दगड आहे. बेटाचा ज्वालामुखी तसा नसतो. त्यात थोडा लाव्हा, त्यावर राख, त्यावर खडे, पुन्हा लाव्हा, असं सगळं घाईघाईत रचलेलं असतं. खळ्यावर ज्वारीची रास घालताना वरून सूप रिकामं करत राहिलं की एका क्षणी राशीची एक बाजू आपोआप घसरते. बेटाचंही तसंच आहे. वरून भर पडत राहते, आतून गरम वायू आणि पाणी दगडाला कुजवत राहतात, तप्त रस आतून रेटा देतो आणि पायथा समुद्र पोखरतो.

अनाक क्राकाताऊची रास तर खळ्याच्या अगदी काठावर घातलेली होती. १८८३ साली क्राकाताऊचा महास्फोट झाला, ३६ हजारांहून अधिक माणसं गेली आणि समुद्रात मोठा खड्डा पडला. त्या खड्ड्याच्या कडेवर १९२७ साली नवं बेट डोकं वर काढू लागलं. अनाक म्हणजे मूल, 'क्राकाताऊचं पोर'. त्याची नैऋत्येची बाजू थेट खड्ड्याकडे उतरत होती. पोर कुठे पडणार हे नकाशा पाहणाऱ्याला दिसत होतं.

टीएमसीत बोलू

किती डोंगर पडला? शास्त्रज्ञ घन किलोमीटरमध्ये सांगतात. सोलापूरकराला ते कळत नाही, टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, कळतं. एक घन किलोमीटर म्हणजे ३५ टीएमसीहून थोडं जास्त. उजनी शंभर टक्के भरली की ११७ टीएमसी.

अनाक क्राकाताऊची पडलेली बाजू, पाण्यावरची आणि पाण्याखालची मिळून, पाव घन किलोमीटरच्या आसपास होती. म्हणजे नऊ-दहा टीएमसी दगडमाती. इटलीत स्ट्रॉम्बोली बेटावर ३० डिसेंबर २००२ ला जे घसरलं ते पाऊण टीएमसीही नव्हतं, तरी बेटाच्या किनाऱ्यावर पाणी दहा मीटरपर्यंत चढलं. जपानमध्ये १७९२ साली उन्झेन ज्वालामुखीलगतच्या डोंगराची बाजू समुद्रात आली, सुमारे बारा टीएमसी, आणि १५ हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यातली पाचेक हजार खाडीपलीकडच्या हिगो प्रांतातली. डोंगर पडला शिमाबारात आणि लाट गेली हिगोत. जपानी लोक आजही म्हणतात, 'शिमाबाराचं अरिष्ट, हिगोला ताप'. पापुआ न्यू गिनीजवळच्या रिटर बेटाचा मोठा भाग १३ मार्च १८८८ ला कोसळला. तो चार घन किलोमीटरच्या आसपास धरतात, म्हणजे उजनी भरून वर उरेल एवढा.

आणि व्हिडिओतलं बेट? कॅनरी बेटांतलं ला पाल्मा. तिथला आकडा ५०० घन किलोमीटर. दीडशे उजनी. हा आकडा आला कुठून ते पुढे पाहू. त्याआधी लाट मोजायची कशी, ते.

निळा टब, वीट आणि मुरूम

भाच्याला गच्चीवर बोलावलं. कपडे भिजवायचा निळा टब अर्धा भरला, एका कडेला पत्रा तिरका लावला, समोरच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला गेरूची रेघ मारली. आधी पत्र्यावरून वीट सोडली. मग विटेच्या वजनाइतकाच मुरूम घमेल्यातून एका दमात सोडला. शेवटी तेवढाच मुरूम मुठीमुठीनं सोडला.

विटेचं पाणी रेघेच्या वर चार बोटं गेलं. एकदम सोडलेल्या मुरमाचं दोन बोटं. मुठीमुठीनं सोडला तेव्हा रेघ जेमतेम ओली झाली आणि भाच्याला कंटाळा आला. मग पत्रा अजून उभा केला, मुरूम जोरात आला, पाणी पुन्हा चढलं. वजन तेच होतं, पाणी दर वेळी वेगळं.

या सगळ्या शास्त्राची अर्धी अडचण या टबात आहे. किती टीएमसी पडलं एवढ्यावर लाट ठरत नाही. अखंड आलं की भुगा होऊन, एका दमात की टप्प्याटप्प्यानं, किती वेगानं, किती खोल पाण्यात, हे सगळं लागतं. प्रयोगशाळांत हेच लांबलचक टाक्यांमध्ये करतात, मुरमाऐवजी काचेच्या गोट्या सोडतात आणि वेगवान कॅमेऱ्यांनी लाट टिपतात. टाकीत जे दिसतं ते गणितात उतरलं की मग खऱ्या बेटाचं गणित मांडता येतं. या गणिताच्या मांडणीला प्रारूप म्हणतात, इंग्रजीत मॉडेल.

समुद्र विणायचा कसा?

सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या विणकरांच्या वस्तीत, एक अण्णा आहेत, जन्मभर जेकार्ड चादरीची डिझाइनं काढत आलेले. त्यांना हे समजावताना माझं काम सोपं झालं. चादरीवरचा मोर आधी ग्राफच्या कागदावर उतरतो. प्रत्येक चौकोन भरायचा की कोरा ठेवायचा, एवढंच ठरवायचं. त्याप्रमाणे कार्डाला भोकं पडतात, त्याप्रमाणे धागे उचलले जातात. चौकोन मोठे घेतले की मोराची मान जिन्यासारखी दिसते. बारीक घेतले की मान गोल येते, पण कार्डं वाढतात.

समुद्राचंही हेच करतात. त्याचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी लिहायच्या: तळ किती खोल, पाणी किती वर आलंय, ते कुठे निघालंय. मग संगणकाला सांगायचं, सेकंदाभरानं काय होईल ते शेजारच्या चौकोनांवरून काढ. पुन्हा सेकंदाभरानं. पुन्हा. असं तासाभराचं समुद्राचं वागणं विणून काढायचं.

अण्णांनी लगेच विचारलं, "मग बारीकच चौकोन घ्यायचे की!" घेता येतात, पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात, नाहीतर लाट एका टप्प्यात चौकोन उडी मारून जाते आणि गणित कोसळतं. म्हणजे काम आठपट. म्हणून खोल समुद्रात चौकोन मोठे ठेवतात आणि बंदर, खाडी, गाव आलं की बारीक करतात. "म्हणजे काठ आणि पदर बारीक, मधलं अंग साधं," अण्णा म्हणाले.

बेटाजवळ मात्र हा सपाट ग्राफही पुरत नाही. डोंगर पाण्यात घुसतो तिथं पाणी वर उसळतं, खाली दबतं, हवा कोंडली जाते. तिथं उंचीचेही चौकोन, म्हणजे घनच, घ्यावे लागतात. ते गणित इतकं जड असतं की थोड्याच भागापुरतं, काही मिनिटांपुरतंच करतात आणि तिथून पुढे लाट सपाट ग्राफच्या हवाली करतात.

लाट पळते किती, आणि विरते का?

वेगाचं सूत्र दहावीच्या पोराला जमेल असं आहे. पाण्याची खोली मीटरमध्ये घ्या, ९.८ नं गुणा, वर्गमूळ काढा. ४ हजार मीटर खोल समुद्रात सेकंदाला २०० मीटर येतं, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरच्या वर, विमानाच्या जवळपास. ५० मीटर खोलीला ताशी ८० वर येतं, हायवेवरच्या एसटीइतकं. किनाऱ्याजवळ पुढची लाट मंदावते, मागची तिच्यावर चढते, म्हणून उंची वाढते.

हे सूत्र लांबलचक लाटांचं. २००४ च्या २६ डिसेंबरला सुमात्राजवळ समुद्रतळाला हजार किलोमीटरहून लांब भेग फुटली, तेव्हा उठलेल्या लाटांची लांबी शेकडो किलोमीटरच्या घरात होती. दरडीच्या लाटा आखूड असतात, काही किलोमीटरच्या. आखूड लाटांचं दुखणं असं की त्या सगळ्या एका वेगानं पळत नाहीत. पोलीस भरतीची सोळाशे मीटरची धाव पाहिलीय? शिट्टी वाजते तेव्हा पोरांचा एकच घोळका असतो, मैदान हादरतं. दुसऱ्या फेरीला पुढे चार, मागे दहा, त्यामागे रखडलेले वीस. दरडीच्या लाटेचं मोकळ्या समुद्रात हेच होतं. जोर तेवढाच, पण लांब रांगेत वाटला जातो. शिवाय लाट गोल पसरत जाते, म्हणून आणखी पातळ होते. विहिरीत पुरुषभर चढलेलं पाणी तेवढीच कड उजनीत पडली तर पलीकडच्या काठाला कळणारही नाही.

अजून एक गोष्ट. बंद पडलेली रिक्षा ढकलताना आपण तिच्याच वेगानं पळालो तर धक्का लागत राहतो. रिक्षा पुढे सटकली की हात हवेत. दरड आणि लाट यांचंही असंच. उथळ पाण्यात दोघांचे वेग जुळले तर दरड लाटेला फुगवत राहते. खोल पाण्यात लाट दरडीला मागे टाकून निघून जाते.

मग त्या २५ मीटरचं काय?

२००१ साली स्टीव्हन वॉर्ड आणि सायमन डे या दोन शास्त्रज्ञांनी ला पाल्माचं गणित मांडलं. पश्चिमेकडची बाजू, ५०० घन किलोमीटरपर्यंत, जवळजवळ अखंड आणि वेगानं घसरली तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर १० ते २५ मीटरच्या लाटा येतील, असं निघालं. व्हिडिओवाल्यांनी पुढचे आकडे जपले आणि मागचा 'तर' पुसून टाकला.

हे शास्त्रज्ञ खोटं बोलत नव्हते, त्यांनी वीट सोडली होती. नंतरच्या मंडळींनी मुरूम सोडून पाहिला, लाटांची ती रांग होणं नीट धरलं, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे आकडे बरेच खाली आले. कॅनरी बेटांभोवतीच्या समुद्रतळावर जुन्या दरडींचा गाळ थराथरांत सापडतो, म्हणजे त्यातल्या काही तरी मुठीमुठीनं आल्या असाव्यात. २०२१ मध्ये १९ सप्टेंबरपासून ८५ दिवस ला पाल्मावर उद्रेक चालू होता. हजारो इमारती लाव्ह्याखाली गेल्या. डोंगराची बाजू मात्र जागची हलली नाही.

म्हणजे भीती फुकटच?

इथं मी भाच्याला थांबवलं, कारण तो निश्चिंत होऊन मोबाईलकडे वळला होता. अटलांटिकमधल्याच केप व्हर्डे बेटांमध्ये फोगो नावाचा ज्वालामुखी आहे. सुमारे ७३ हजार वर्षांपूर्वी त्याची बाजू समुद्रात गेली. पन्नासेक किलोमीटर पलीकडच्या सांतियागो बेटावर, समुद्रापासून दोनशे मीटरच्या आसपास उंच पठारावर, खालच्या कड्यांमधले दगड पडलेले आहेत. त्यांतला मोठा ७७० टनांचा. वीस टनी उसाचे अडतीस ट्रक एकत्र केले तर तेवढं वजन होईल. २०१५ साली संशोधकांनी दाखवलं की हे दगड लाटेनंच वर नेले. त्या दिवशी फोगोनं मूठ नव्हे, घमेलंच ओतलं होतं.

म्हणून माझं मत असं. समुद्रापलीकडच्या शहरांनी या लाटेनं झोप घालवण्यात अर्थ नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या गावानं मात्र ती घालवायलाच हवी आणि त्याच्याकडे वेळ मिनिटांचा असतो. व्हिडिओ नेमके उलटे फिरतात.

प्रारूप खरं ठरतं का?

एकदा तरी ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. २०१२ साली फ्रेंच आणि इंडोनेशियन संशोधकांच्या गटानं अनाक क्राकाताऊची नैऋत्येची बाजू, ०.२८ घन किलोमीटर, कोसळली तर काय होईल याचं प्रारूप छापलं. उठतानाची लाट ४३ मीटर, जावाच्या किनाऱ्यावर पोचायला ३५ ते ४५ मिनिटं, तिथं उंची दीड ते साडेतीन मीटरच्या दरम्यान. सहा वर्षांनी तीच बाजू, जवळपास तेवढीच, कोसळली. पोचायचा वेळही फार चुकला नाही. उंची मात्र काही ठिकाणी बरीच जास्त निघाली आणि शेजारच्या निर्मनुष्य बेटांवर पाणी ऐंशी मीटरच्या वर चढलं.

मग आधी लिहिलेलं असून भोंगा का वाजला नाही? कारण प्रारूप 'पडलं तर काय' सांगतं, 'कधी पडेल' सांगत नाही. बेट महिनोनमहिने धुमसत होतं, त्यात नवीन काही दिसत नव्हतं. शिवाय इशारा द्यायचा तर पाण्याची पातळी बेटाजवळच मोजणारं काहीतरी हवं, ते नव्हतं.

घटनेनंतर प्रारूप उलटं चालवतात. किनाऱ्यावरच्या भरतीमापकांवर लाटेची नोंद उमटलेली असते. वेगवेगळ्या दरडी संगणकात पाडून पाहायच्या आणि कुठली नोंदीशी जुळते ते बघायचं. यात एक खोच आहे. कमी दगड जोरात आणि जास्त दगड सावकाश, दोन्ही किनाऱ्यावर जवळपास सारखीच लाट देऊ शकतात. २०१९ साली जहाजांनी तळाचे नकाशे काढले, पडलेले प्रचंड खडक कुठपर्यंत गेलेत ते दिसलं, तेव्हा कुठे काही शक्यता बाद झाल्या.

आपल्याकडे असं बेट आहे का?

आहे. अंदमानच्या समुद्रातलं बॅरन बेट, भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी. पाण्यावर साडेतीनशे मीटर दिसतो, बाकीचा बराचसा पाण्याखाली आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या झोपेनंतर १९९१ साली जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. बेटावर वस्ती नाही. पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, तिथून साधारण १४० किलोमीटर. मधलं पाणी सरासरी २ हजार मीटर खोल धरलं तर सूत्रानं वेग ताशी पाचशे येतो, म्हणजे सगळ्यात पुढची लाट सोळा-सतरा मिनिटांत. हे गच्चीवरचं गणित आहे, लाटेच्या उंचीबद्दल ते काहीच सांगत नाही.

भारताचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून हैदराबादला आहे. भूकंपाच्या नोंदी, खोल समुद्रातले दाबमापक, किनाऱ्यावरचे भरतीमापक, असं सगळं तिथं चोवीस तास पाहिलं जातं. भूकंपाशिवाय आलेली लाट ही जगातल्या अशा सगळ्याच केंद्रांची अवघड जागा. स्ट्रॉम्बोलीवर इटलीनं सरळ मार्ग धरला: बेटाजवळच्या पाण्यात मापकं रोवली, पाणी वेडंवाकडं हललं की भोंगा आपोआप वाजतो, माणसाच्या निर्णयाची वाट पाहत नाही. सुंदा सामुद्रधुनीतही २०१८ नंतर पाण्याची पातळी मोजणारी स्वस्तातली यंत्रं बसवली गेली. प्रारूपांचा खरा उपयोग इथंच होतो. मापक कुठे रोवायचं, गावातून कुठल्या रस्त्यानं वर पळायचं, शाळा कुठे नको, हे शेकडो दरडी संगणकात पाडून ठरवता येतं.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते एका चौकोनावर बोट ठेवून बसले होते. "हा तळ मोजलेला असतो ना?"

जगाच्या समुद्रतळाचा चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भाग आधुनिक पद्धतीनं मोजला गेलाय, मी म्हणालो. बाकी ठिकाणी उपग्रहावरून अंदाज.

"कोऱ्या घरात शेजारचं बघून रंग भरायचा?"

"हो."

"मोराला चालतं," अण्णांनी चष्मा काढला, "पण काठ तसा विणला तर गिऱ्हाईक चादर परत आणतं."

काठ तरी आधी मोजायला हवा, एवढंच मी म्हणू शकलो. तोवर खालच्या मागावर धागा तुटला आणि अण्णा जिना उतरून गेले.